चाळीस मीटर आणि मॉन्सल ट्रेल

मॉन्सल ट्रेल ही इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानातली साडेआठ मैलांची, म्हणजे साधारण पावणेचौदा किलोमीटरांची वाट आहे. तिच्याविषयी जिथे वाचावे तिथे ‘सोपी’ हा शब्द हमखास भेटतो. धडधाकट माणसाला ती सोपी आहे यात शंकाच नाही. सायकलवर असेल तर तो एका सकाळीत जाऊन परतही येतो. आम्हाला मात्र तिचा जेमतेम निम्मा भाग पाहायला, पहिला अर्ज भरल्यापासून मोजले तर, पाच महिने लागले. घरात कोणाचे चालणे आजाराने किंवा वयाने आखूड झाले असेल आणि त्या माणसाला पुन्हा एकदा नदीकाठी न्यावे असे मनात असेल, तर आमचे हे पाच महिने उपयोगी पडतील, म्हणून सारे क्रमाने लिहीत आहे.

माझ्या यजमानांना ऑक्टोबर २०२२ मध्ये पक्षाघात झाला, तेव्हा त्यांचे वय ६७ होते. डावी बाजू गेली होती. पाच आठवडे रुग्णालयात काढून ते घरी आले ते चार चाकांचा, चालताना आधाराला धरायचा आणि बसायला छोटी बैठक असलेला रोलेटर घेऊन. पुढचे वर्ष घर, दवाखाना आणि फिजिओथेरपी या तीन ठिकाणांतच संपले. बोलणे सुधारले, हाताला पकड आली, पण बाहेर पडण्याचा विषय निघाला की ते खिडकीजवळची खुर्ची सोडत नसत. त्यांना अंतराची भीती वाटत असावी असे मला बरेच दिवस वाटत होते. खरी भीती वेगळीच होती. पुढचा बाक कुठे आहे, स्वच्छतागृह किती लांब आहे, उतार लागला तर थांबता येईल का, यांतले काहीच आधी कळत नाही, याची ती होती.

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मॉन्सल ट्रेलचे नाव सुचवले. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली वाट असल्यामुळे तिथे ना पायऱ्या ना अवघड चढ, आणि आमच्या शेफील्डच्या घरापासून गाडीने फार तर पाऊण तास, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी दोन अटी घातल्या: आधी अपंगांसाठीच्या पार्किंगचा ब्लू बॅज काढायचा आणि व्हीलचेअर मिळेपर्यंत घाई करायची नाही. दोन्ही अटी तेव्हा मला उगाच लांबण लावणाऱ्या वाटल्या होत्या.

ब्लू बॅजचा अर्ज मी सोमवारी, ८ जानेवारी २०२४ रोजी, सरकारी संकेतस्थळावरून भरला. अर्ज तिथे भरला तरी निर्णय आपापले कौन्सिल, म्हणजे स्थानिक पालिका, घेते. छायाचित्र, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, चालू औषधांची यादी आणि रुग्णालयाची पत्रे एवढे हाताशी ठेवून बसल्यास तासाभरात काम होते. आम्ही हाताशी काहीच न ठेवता बसलो होतो, त्यामुळे तीन संध्याकाळी गेल्या. ‘पिप’ नावाचा अपंगत्व भत्ता ज्यांना मिळतो आणि त्यातल्या हालचालीच्या निकषावर ज्यांना आठ किंवा अधिक गुण आहेत, त्यांना बॅज आपोआप मिळतो. आमच्या यजमानांचा आजारच निवृत्तिवेतनाच्या वयानंतरचा, त्यामुळे तो भत्ता त्यांना लागू नव्हता. वयस्कांना मिळणारा अटेंडन्स अलाउन्स त्यांना मिळत होता, पण त्याच्या आधारावर बॅज आपोआप मिळत नाही. म्हणून प्रत्यक्ष चालण्याच्या तपासणीचा लांबचा रस्ता आमच्या वाट्याला आला.

अर्जातला सर्वांत अवघड प्रश्न एका ओळीचा होता: न थांबता किती अंतर चालता? आमच्या घरात त्यावरून खटका उडाला.

“शंभर मीटर लिही,” यजमान म्हणाले.

“अहो, परवा आपण तिसऱ्या खांबाशीच थांबलो होतो. शंभर कुठून आले?”

“अगं, नोव्हेंबरात एकदा झाले होते ना!”

“एकदा झाले होते. ते विचारत आहेत ते रोजचे.”

दुसऱ्या दिवशी आम्ही मोजपट्टी घेऊन फुटपाथवर उतरलो. घराच्या फाटकापासून विजेच्या खांबांमधले अंतर मोजले आणि पाच दिवस, सकाळी एकदा व दुपारी एकदा, यजमान कुठे थांबतात ते मी वहीत लिहीत गेले. सगळ्यांत कमी ३१ मीटर, सगळ्यांत जास्त ५५. बहुतेक वेळा चाळीस. तो आकडा कागदावर उमटला तेव्हा यजमानांनी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पूर्वी ते दर रविवारी आठ-दहा मैल डोंगर तुडवणारे गृहस्थ होते. आम्ही अर्जात ‘सुमारे ४० मीटर, रोलेटरच्या आधाराने, त्यानंतर तीन-चार मिनिटे बसावे लागते’ असे लिहिले. अशा अर्जात संकोचाने आकडा फुगवू नये, आणि बॅज मिळावा म्हणून कमीही करू नये. चार-पाच दिवस मोजून जे बहुतेक वेळा घडते तेच लिहावे. तपासणीत पुन्हा तोच प्रश्न येतो आणि तिथे आकडा आठवून सांगावा लागत नाही, समोर चालूनच दाखवावा लागतो.

तपासणीसाठी गुरुवार, २२ फेब्रुवारीची वेळ मिळाली, म्हणजे अर्जानंतर साडेसहा आठवड्यांनी. ऑक्युपेशनल थेरपिस्टने यजमानांना इमारतीच्या लांब ओसरीत चालायला लावले, किती वेळा थांबले, श्वास कसा आहे, पाऊल कसे पडते हे टिपून घेतले, आणि वीस मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. मंजुरीचे पत्र ११ मार्चला आले, इंग्लंडमधले दहा पौंडांचे शुल्क आमच्या कौन्सिलने त्यानंतर घेतले, आणि २० मार्चला बॅज व त्याच्याबरोबरचे, गाडी कधी लावली ते दाखवायचे पुठ्ठ्याचे घड्याळ हाती पडले. सारे मिळून दहा आठवडे झाले. बारा आठवडेही लागू शकतात, तेव्हा उन्हाळ्यात जायचे असेल तर हिवाळ्यातच अर्ज करावा. बॅज तीन वर्षे चालतो. घड्याळ रस्त्याकडेच्या पिवळ्या रेघांवर गाडी लावताना उपयोगी. वाहनतळांचे नियम जागोजागी निराळे असतात आणि बॅज असला म्हणजे पैसे माफ असे समजून चालू नये. यंत्राशेजारची पाटी वाचण्यात गेलेली दोन मिनिटे दंडापेक्षा स्वस्त पडतात.

व्हीलचेअरची मागणी फिजिओथेरपिस्ट बाईंनी सरकारी आरोग्यसेवेकडे डिसेंबरातच केली होती. ती मार्चअखेर, पंधरा आठवड्यांनी आली. एक गोष्ट मला आधी ठाऊक असती तर बरे झाले असते: अशा खुर्च्यांत दोन प्रकार असतात. एकीची मागची चाके लहान असतात आणि ती फक्त मागून ढकलता येते; दुसरीची मागची चाके मोठी असतात. लहान चाकांची हलकी असते, गाडीत सहज मावते आणि दुकानांत छान चालते, पण बारीक खडीवर तिची चाके रुततात. आम्हाला तपासणीच्या वेळी विचारले गेले तेव्हा सुदैवाने मी ‘नदीकाठच्या खडीच्या वाटेवर न्यायची आहे’ असे बोलून गेले, आणि मोठ्या चाकांची खुर्ची मिळाली. तिसरी खरेदी म्हणजे राडार चावी. ब्रिटनमधली अपंगांसाठीची अनेक सार्वजनिक स्वच्छतागृहे एकाच प्रकारच्या चावीने उघडतात. ती पाच पौंडांच्या आसपास मिळते, आणि यजमानांच्या मनावरचे ओझे बॅजपेक्षाही तिने अधिक हलके केले, असे माझे मत आहे.

आता वाटेविषयी थोडे, कारण ती कशी घडली ते कळल्यावरच ती सपाट का आहे आणि कुठे अडवते ते समजते. मिडलँड रेल्वेने वाय नदीच्या खोऱ्यातून हा मार्ग १८६३ साली सुरू केला. त्याच साली आपल्याकडे बोरघाटातून गाडी धावू लागली, हे यजमानांनी मला किमान दहा वेळा सांगितले आहे. खोरे अरुंद, नदी नागमोडी. त्यामुळे रुळांनी वळणे घेण्याऐवजी चुनखडकाचे डोंगर बोगद्यांनी भेदले आणि नदी पुलांवरून ओलांडली. १९६८ साली मार्ग बंद झाला, आणि पुढे १९८१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाने त्याची पायवाट केली. पण मोठे बोगदे बंदच होते. त्यांना वळसा घालायला डोंगराच्या अंगावरून चढउताराच्या पायवाटा होत्या, म्हणजे आमच्यासारख्यांना ही वाट तुकड्यातुकड्यांतच संपत असे. मे २०११ मध्ये दिवे लावून चार मोठे बोगदे खुले झाले आणि तेव्हापासून व्हीलचेअर, सायकल, घोडे आणि पायी माणसे अशी सगळी सलग जाऊ लागली.

आणखी एक गोष्ट आधी सांगितलेली बरी. या वाटेला नदीकाठची म्हणतात खरे, पण पूर्वेच्या टोकाच्या बेकवेल गावाकडून निघालात तर पहिले काही मैल नदी दिसतच नाही. दोन्ही बाजूंना कुरणे, झाडी आणि जुन्या स्थानकांचे फलाट असतात. नदी भेटते ती पहिला मोठा बोगदा संपल्यावर, तीही पायाखाली खोल. पाण्यात पाय बुडवून बसण्याच्या कल्पनेने कोणी जाणार असेल तर त्याने दुसरी जागा पाहावी.

पहिली फेरी मंगळवारी, १६ एप्रिलला झाली. शनिवार-रविवारी सायकलींची गर्दी असते म्हणून आठवड्याच्या मधला दिवस निवडला. हॅसॉप या जुन्या स्थानकाशी वाहनतळ आहे, उपाहारगृह आहे, आणि गाडीतून उतरल्यावर वाट त्याच पातळीवर लागते. इथेच आमचे पहिले चुकले. यजमान म्हणाले, “आज खुर्ची नको, रोलेटरवरच जाऊ,” आणि इतक्या महिन्यांनी त्यांनी स्वतःहून काही मागितल्याच्या आनंदात मी खुर्ची गाडीतच ठेवली.

चाळीस मीटर, बसणे. पस्तीस मीटर, बसणे. वाट ग्रेट लॉन्गस्टोनच्या दिशेने सरळ जात होती, दोन्हीकडे कोवळी पालवी होती, आणि मी वेड्यासारखी पुढे पुढे बघत होते. ढोबळमानाने तीनशे मीटरांवर यजमानांचा डावा पाय फरफटू लागला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की ही जाऊन परत यायची वाट आहे आणि पुढे टाकलेले प्रत्येक पाऊल मागेही टाकावे लागणार आहे. त्यांना रोलेटरच्या बैठकीवर बसवले, ब्रेक लावले, एका कुत्रे फिरवणाऱ्या आजींना जरा लक्ष ठेवायची विनंती केली आणि खुर्ची आणायला मी जवळपास पळतच गेले. परत आले तेव्हा आजी त्यांना आपल्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियांची हकीकत सांगत होत्या आणि यजमान अतिशय गंभीरपणे ऐकत होते. गाडीत बसल्यावर मात्र त्यांना रडू आले. मलाही आले.

त्या दिवसाचा थकवा त्यांना दुसऱ्या नव्हे तर तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवला. पक्षाघातानंतरचा थकवा असा उशिरा येतो आणि झोपून लगेच जात नाही, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी नंतर समजावले. तेव्हापासून आमच्या पंचांगात फेरीनंतरचे तीन दिवस कोरे ठेवण्याची पद्धत पडली. दुसरा नियम त्यांनी असा घालून दिला की व्हीलचेअर आणि रोलेटर दोन्ही न्यायचे, खुर्चीत बसून जायचे आणि जिथे चालावेसे वाटेल तिथे उतरून फक्त चाळीस मीटर चालायचे. अर्जातला तो अपमानास्पद वाटलेला आकडा इथे कामाला आला. तो असल्यामुळे ‘अजून थोडे, अजून थोडे’ हा मोह आवरता येऊ लागला.

आता प्रश्न असा की खुर्ची ढकलणारीने रोलेटर कसा न्यायचा? आमचा घडी होणारा आहे. तो यजमान मांडीवर आडवा धरतात. सुंदर दिसत नाही, पण जमते.

दुसरी फेरी बुधवारी, ८ मे रोजी, दुसऱ्या बाजूने, म्हणजे पश्चिमेकडच्या मिलर्स डेल स्थानकापासून केली. इथेही वाहनतळ आणि स्वच्छतागृह वाटेला लागूनच आहेत. या स्थानकाजवळ नदीवर दोन पूल शेजारी शेजारी उभे आहेत. पहिला मूळ मार्गाचा, आणि वाहतूक वाढल्यावर बांधलेला दुसरा १९०५ चा. पूल ओलांडून पूर्वेकडे थोडे गेले की चुन्याच्या प्रचंड भट्ट्या लागतात. त्या १८८० ते १९४४ या काळात चालू होत्या. व्हीलचेअरमधून त्यांच्या भिंतींकडे पाहताना यजमानांची मान इतकी मागे गेली की मला त्यांची टोपी धरावी लागली. त्यांनी तिथे उतरून पहिले चाळीस मीटर घेतले. खडी दाबून बसवलेली होती, पाऊस नव्हता, रोलेटरची चाके अडली नाहीत.

पुढे झाडीतून खाली वाय नदी अधूनमधून दिसते. पाणी इतके स्वच्छ की तळाचे दगड आणि पाण्यात लोळणारी हिरवी शेवाळे वरून दिसतात. सायकलस्वार मागून घंटी वाजवतात, पण पक्षाघाताने ज्यांचे एका बाजूचे भान कमी झाले आहे त्यांना घंटी कोणत्या बाजूने आली ते चटकन कळत नाही. मी त्यांच्या डाव्या बाजूने चालायचे आणि आम्ही दोघांनी वाटेची एकच कड धरायची, असे ठरवून टाकल्यावर दचकणे थांबले.

लिटन बोगद्याच्या तोंडाशी यजमानांना उत्साह आला. “हा मी चालत पार करतो,” म्हणाले. बोगदा ४७१ मीटरांचा, त्यांचे अंतर चाळीस. पण ते बोलण्याची ती वेळ नव्हती. निदान आत पाऊल तरी टाकू म्हणून आम्ही शिरलो. आत दिवे होते. तरीही दहा-बारा पावलांतच त्यांचे शरीर डावीकडे कलले, रोलेटर भिंतीकडे वळला आणि मी त्यांचा पट्टा धरून त्यांना बैठकीवर टेकवले. पडले नाहीत, पण चेहरा पांढरा झाला होता. खुर्चीत बसूनही पुढे जायला ते तयार होईनात. आम्ही तिथूनच मागे फिरलो आणि गाडीपर्यंत एक शब्द बोललो नाही.

हे का झाले ते पुढच्या आठवड्यात उमगले. पाय जमिनीवर कुठे आणि कसा टेकला आहे याची खबर मेंदूला पायातूनच मिळत असते. पक्षाघाताने ती खबर पुसट झाली की मेंदू डोळ्यांवर विसंबू लागतो. समोरची क्षितिजरेषा, झाडे, भिंत पाहून तोल सावरतो. उजेडातून अचानक अंधूक जागी गेले की तोही आधार क्षणभर जातो. म्हणजे त्यांची हिंमत कमी पडली नव्हती, डोळ्यांना वेळ कमी मिळाला होता. उपाय साधे निघाले: उन्हाचा चष्मा बोगद्याच्या बराच आधी काढायचा, तोंडाशी सावलीत तीन-चार मिनिटे बसायचे, बोगद्यातून खुर्चीतच जायचे आणि एक छोटी विजेरी स्वतः यजमानांच्याच हातात द्यायची, म्हणजे नजर ठेवायला एक जागा मिळते. बोगद्यातले दिवे दिवसाउजेडीच चालू असतात, त्यामुळे संध्याकाळ लांबवू नये. आत भर उन्हाळ्यातही गारवा असतो आणि छतातून पाणी ठिबकते. मांडीवर घ्यायला एक शाल ठेवावी. खोल दरीत फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून कुठून निघालो आणि कधी परतणार हे घरी कोणाला तरी सांगून ठेवावे.

तिसऱ्या फेरीला आमची लेक रजा काढून आली. गुरुवार, १३ जून. हॅसॉपपासून निघून हेडस्टोन बोगदा आणि त्यापलीकडचा पूल गाठायचा, असा बेत होता. मॉन्सल हेड या प्रसिद्ध ठिकाणाहून तो पूल अगदी जवळ दिसतो, पण तिथून वाटेवर उतरायला पायऱ्या आणि तीव्र उतार आहे. नकाशावरचे जवळचे अंतर पाहून चाकांच्या खुर्चीसह तिथे जाऊ नये. हॅसॉपकडून अंतर अडीच-तीन मैलांचे पडते, पण सारे सपाटीवरून. सपाटी म्हटले तरी पश्चिमेकडे जाताना अगदी मंद चढ आहे, आगगाडीला चालेल इतकाच. पायी चालणाऱ्याला तो जाणवत नाही, खुर्ची ढकलणाऱ्याच्या दंडांना पहिल्या मैलातच कळतो. येताना तोच उतार होऊन मदतीला येतो, त्यामुळे दमायचे ते आधी दमावे या हिशेबाने ही दिशा बरी.

ग्रेट लॉन्गस्टोनच्या जुन्या फलाटाशी थांबून थर्मासमधला चहा घेतला. वाटेकडेच्या गवतात जांभळे ऑर्किड उगवलेले होते. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नजरेला ते उभ्या माणसापेक्षा आधी पडतात. आम्ही दोघी पुढे निघून गेलो होतो आणि त्यांनी हाक मारून मागे बोलावले.

हेडस्टोन बोगद्याच्या तोंडाशी पोहोचायला आम्हाला दोन तास लागले. ठरल्याप्रमाणे चष्मा काढला, शाल घेतली, चार मिनिटे बसलो. समोरून सायकलवर एक शाळकरी टोळके ओरडत, प्रतिध्वनी ऐकत बाहेर आले. बोगदा ४८७ मीटरांचा आहे. लेक खुर्ची ढकलत होती, मी डावीकडे, आणि यजमान विजेरीचा उजेड पुढच्या जमिनीवर धरून भिंतीवरचे दगडकाम आम्हाला समजावत होते, जणू बोगदा त्यांनीच खणला होता. मध्यावर एकदा त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला. “बाबा, थांबायचं का?” तिने विचारले. त्यांनी मान हलवून नाही म्हटले. नंतर पलीकडचे पांढरे तोंड मोठे होत गेले.

बोगदा संपतो तिथेच हेडस्टोन पूल सुरू होतो. पाच कमानींचा, सुमारे नव्वद मीटर लांबीचा. खाली वाय नदी वळण घेऊन जाते, आजूबाजूला चुनखडकाचे हिरवे डोंगर. या पुलाने दरीचे सौंदर्य नासले म्हणून एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी तिखट टीका केली होती. बक्सटनच्या मूर्खांना अर्ध्या तासात बेकवेलला पोहोचवण्यासाठी एवढा खटाटोप, अशा अर्थाची. आज तोच पूल वारसा म्हणून जपला आहे. रस्किन यांच्या दृष्टीने त्या मूर्खांत आता आम्हीही जमा झालो, असे यजमान म्हणाले, आणि कित्येक महिन्यांत त्यांनी केलेला तो पहिला विनोद होता.

खुर्चीत बसून मात्र त्यांना नदी नीट दिसेना, मध्ये कठडा येत होता. ते उतरले. लेकीने रोलेटर उघडला, ब्रेक तपासले, आणि मी मनात मोजू लागले. चाळीस व्हायच्या आतच ते आपणहून थांबले, बैठकीवर बसले, मिनिटे न मोजता दरीकडे बघत राहिले. मग उठून पुन्हा तेवढेच चालले आणि बसले. तिसऱ्या खेपेला पूल संपला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई आपल्या बाळाच्या गाडीसह बाजूने गेल्या आणि “छान दिवस आहे” म्हणाल्या. परतताना बोगद्यात लेकीने गाणे म्हटले, ते मला फारसे आवडले नाही, पण प्रतिध्वनीमुळे वेळ बरा गेला. हॅसॉपला पोहोचेपर्यंत पाच वाजले होते.

लिटन आणि क्रेसब्रुक हे बोगदे, बेकवेलचे टोक आणि मिलर्स डेलच्या पश्चिमेचा ची टॉरचा भाग आमचा राहिला आहे. सप्टेंबरात गर्दी ओसरल्यावर त्यातला एखादा तुकडा करू. वाटेला प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे सगळा खर्च बॅज, चावी, पेट्रोल, पार्किंग आणि उपाहारगृहातल्या केकचा. त्यात केकचाच आकडा सर्वांत मोठा निघाला.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी, अपेक्षेप्रमाणे, यजमान दिवसभर झोपून होते. चौथ्या दिवशी त्यांनी खांबांच्या मोजणीची वही मागवून घेतली. पुलाची नोंद करायला मी ‘९० मीटर’ असे लिहू लागले तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला.

“दोनदा बसलो होतो ना मी?” ते म्हणाले. “मग तीस-पस्तीस लिही. आणि शेजारी लिही, तीन वेळा.”